अदृष्ट आणि आरपार दगड

सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूकंपाला एक स्वतंत्र अध्याय दिला असून त्याच्या आरंभीच भूकंपाच्या कारणांविषयी त्या काळी प्रचलित असलेली मते नोंदवली आहेत. पाण्यात राहणाऱ्या प्रचंड जीवांमुळे पृथ्वी हलते असे काहींचे मत आहे, पृथ्वीचा भार वाहून थकलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हा ती हलते असे दुसरे म्हणतात, वारा वाऱ्यावर आदळून जमिनीवर कोसळतो म्हणून हे घडते असे तिसऱ्यांचे म्हणणे आहे. आणि यांच्या जोडीला, फारसे विवरण न करता, काही आचार्य भूकंपाला ‘अदृष्ट’ कारण मानतात असेही ग्रंथकाराने सांगितले आहे. पहिली तीन मते आजचा वाचक कौतुकाने वाचून बाजूला ठेवील. परंतु अदृष्टाचे मत तसे सहज निकालात काढता येत नाही, कारण ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्न भूगर्भशास्त्राने हाती घेतलेलाच नाही.

अदृष्ट ही संज्ञा वैशेषिक दर्शनातली आहे. सुई चुंबकाकडे का ओढली जाते, ज्वाला वरच का जाते, वारा आडवाच का वाहतो, सृष्टीच्या आरंभी अणूंना पहिली गती कोठून मिळाली, अशा ज्या हालचालींचे कारण प्रत्यक्ष दाखवता येत नाही त्या सर्व अदृष्टाच्या खाती घातल्या गेल्या. पृथ्वीच्या नेहमीच्या हालचालींची कारणे कणादाच्या सूत्रांत धक्का, आघात अशी सांगितली असली, तरी तिच्या असाधारण हालचालीसाठी मात्र अदृष्टाकडेच बोट दाखवले आहे आणि ते सूत्र टीकाकारांनी भूकंपाला लावले आहे. मात्र हाच शब्द आत्म्याच्या ठिकाणी साठणाऱ्या धर्म-अधर्माच्या संस्कारालाही, म्हणजे केलेल्या कर्माच्या अजून न फळलेल्या शिलकीलाही वापरला जातो. जे डोळ्यांना दिसत नाही ते आणि ज्याचे फळ कधीतरी भोगावे लागते ते, असे दोन अर्थ एका शब्दात नांदू लागल्यामुळे प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर एक प्रश्न हटकून पुढे येतो : हे कोणाच्या पापाचे फळ? हा प्रश्न अंधश्रद्धेचा म्हणून उडवून लावण्याची रीत आहे, पण ती फारशी उपयोगाची नाही. ज्याची माणसे गेली त्याला ‘का’ या शब्दाने भूपट्टांच्या हालचालीचा इतिहास विचारायचा नसतो. अदृष्टाचे हे दोन अर्थ वेगळे करून पाहता येतील अशी एखादी जागा आहे काय, हे शोधणे अधिक सार्थ ठरते, आणि तशी एक जागा दगडमातीच्या जुन्या भिंतीच्या पोटात आहे.

30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवर जो भूकंप झाला त्याची तीव्रता 6.2 इतकी होती. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर हा आकडा मध्यम प्रतीचा ठरतो. तरीही किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाचे केंद्र उथळ होते, वेळ झोपेची होती, आणि भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखवलेला होता, ही कारणे खरीच आहेत. पण त्या रात्री माणसे जमिनीखाली गाडली गेली नव्हती, तर भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली होती.

मराठवाड्यातील माळवदाचे घर म्हणजे लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यावर आडव्या लाकडांची व फळ्यांची पाटणी, तीवर चोपून बसवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि या सगळ्याभोवती दगडमातीची भिंत. ‘पांढरी’ हा शब्द गावाच्या वसतिस्थानालाही लावतात आणि त्या जागेच्या मातीलाही, त्यामुळे गावाची माती शब्दशः डोक्यावर घेऊन घरे उभी असतात असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होत नाही. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून माळवदावर नवी माती टाकायची. जुनी काढण्याचे कष्ट कोण घेणार? पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले की थर दोन फुटांपर्यंत चढतो आणि दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन भार होतो, म्हणजे तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशा साध्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या अंगावर दहा-बारा टन माती तोललेली असते. भूकंपाचा आडवा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, हे लक्षात घेतले तर उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या या मातीचा दुसरा गुण कळतो.

भिंतीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बाहेरून पाहता ती दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही जाड, आणि जाडीमुळेच अभेद्य वाटणारी असते. परंतु ती एक भिंत नसून पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती असतात. गवंडी दगडाची बरी बाजू बाहेर ठेवून एक पदर रचतो, तसाच दुसरा पदर घराच्या आतल्या अंगाने रचतो आणि मधली फट डबर, कपच्या व चिखल यांनी भरून काढतो. प्रत्येक पदरात सांधेमोड नीट केलेली असेल, म्हणजे खालच्या थराचा उभा सांधा वरच्या दगडाने झाकलेला असेल, तरीही दोन पदरांना एकमेकांशी बांधणारे त्या रचनेत काहीच नसते. हे बांधण्याचे काम भिंतीच्या पूर्ण जाडीइतक्या लांब, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणाऱ्या दगडाने करायचे असते. त्याला आरपार दगड म्हणतात. तो नसला म्हणजे वर्षानुवर्षे पावसाचे पाणी भरीत मुरते, चिखल धुपतो, कपच्या खाली बसत बसत पाचरीसारख्या दोन्ही पदरांना बाहेर रेटू लागतात आणि भिंतीला पोट येते. हे पोट घरातल्यांना रोज दिसत असते, त्यावर खुंटी ठोकून कंदीलही टांगला जातो. दिसत नाही ती आतली दुफळी. जमीन हलली की आतला पदर आत, बाहेरचा पदर बाहेर, आणि मधली भर खाली, असा तो सगळा प्रकार थोड्या सेकंदांत उलगडतो. अशा भिंतीच्या एका मीटर लांबीच्या तुकड्याचे वजनही तीन-चार टनांच्या घरात असते.

येथे अदृष्ट शब्दशः हजर आहे. जे दिसत नव्हते आणि ज्याचे फळ भोगावे लागले असे काहीतरी त्या भिंतीत होते. मात्र ते कोणाच्या आत्म्याला चिकटलेले नव्हते, दोन दगडांच्या मध्ये होते, आणि ते पाहायला दिव्यदृष्टीची गरज नव्हती, भिंतीवर हातोडी ठोकून आवाज ऐकला तरी त्याची चाहूल लागू शकली असती. सांधलेली भिंत खणखणीत बोलते, सुटलेली भिंत भद्द आवाज करते.

दैवी कोपाच्या सिद्धांताला या तपशिलाशी कधीच फारसे कर्तव्य नव्हते. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तेव्हा गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट धर्मोपदेशकाने हे संकट नैसर्गिक कारणांनी आल्याचे मानणे हेच पाप आहे अशा आशयाची पुस्तिका लिहिली. व्होल्तेअरने त्या प्रसंगावर कविता रचून ‘जे आहे ते सर्व चांगल्यासाठीच आहे’ या समजुतीवर प्रहार केला. आणि त्याला 1756 साली लिहिलेल्या पत्रात रूसोने एक असा मुद्दा काढला की ज्याची धार आजही बोथट झालेली नाही : सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे त्या ठिकाणी निसर्गाने गोळा करून ठेवली नव्हती. देव दयाळू आहे की नाही या वादात रूसोने घर आणून ठेवले, हे त्याचे मोठेच काम म्हटले पाहिजे, मग त्याचा एकूण निसर्गवाद कोणाला पटो वा न पटो.

भारतात हाच वाद 1934 साली अधिक थोर माणसांमध्ये झाला. 15 जानेवारीच्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले, आणि या अशास्त्रीय विचाराने लोकांच्या मनातील अविवेकाला बळ मिळेल म्हणून रवींद्रनाथ ठाकुरांनी आक्षेप घेतला. गांधींनी तो ‘हरिजन’मध्ये छापून त्याला उत्तरही दिले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यातील गांधींची तळमळ निर्विवाद असली, तरी या वादात रवींद्रनाथांची बाजू सरस आहे, कारण शिक्षा म्हणून पाहिले तर ती ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही सारखीच भोगावी लागली. पण दोन्ही बाजूंना समान असलेली एक उणीव सहसा नजरेत येत नाही. एकाने भूकंपाचा संबंध नीतीशी जोडला, दुसऱ्याने तो तोडला. नीतीचा संबंध भूकंपाशी नसून घराशी असू शकतो, ही तिसरी शक्यता वादात आलीच नाही. बिहारमध्ये कित्येक मैल जमीनच खचली होती, त्यामुळे तेथे ती सुचणे अवघड होते असे म्हणता येईल. किल्लारीनंतर मात्र ती टाळता येत नाही.

भिंतीची परीक्षा ही कल्पना या ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते, आणि ती नीट समजून घ्यायची तर मराठी वाचकाला परिचित असलेल्या ‘दिव्य’ या संस्थेशी तिची तुलना केली पाहिजे. साक्षीपुरावा तोकडा पडला की धर्मशास्त्राने तुला, अग्नी, जल, विष, कोश अशी दिव्ये सांगितली होती. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत रवादिव्य होत असे, म्हणजे तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि हात भाजला की नाही यावरून वादी खरा की खोटा ते ठरवायचे. दिव्यात पदार्थ फक्त निमित्त असतो. तेल किती तापले होते, हाताची कातडी किती जाड होती, हे तेथे विचारायचेच नसते, कारण उत्तर देव देणार असतो आणि ते उत्तर माणसाच्या अंतःकरणाविषयी असते. परीक्षेत याच्या नेमके उलट असते. रुडकीच्या विद्यापीठात दगडी घरांच्या प्रतिकृतींवर ज्या चाचण्या झाल्या त्यांत रुळांवर सरकणारा एक भक्कम मंच असून त्यावर घर बांधले जाते, ते नीट सुकू दिले जाते आणि मग वजन भरलेली वाघीण ठरावीक वेगाने आणून मंचावर धडकवली जाते. एक घर जुन्या रीतीचे, दुसरे आरपार दगड, कोपऱ्यांतील सळ्या आणि दरवाज्या-खिडक्यांवरून सबंध घराभोवती फिरणारा पट्टा असे उपाय केलेले. धक्का दोघांनाही तसाच. येथे दगडाला खरे-खोटे विचारले जात नाही, किती हलला आणि कोठून फाटला हे विचारले जाते, आणि कोसळलेले घर दोषी ठरत नाही, उलट तेच जास्त बोलते.

किल्लारीनंतर लोकांनी दगडाचे जे केले ते मात्र दिव्याच्या जातीचे होते. दगड भाजला, म्हणून दगड दोषी, असा निवाडा सार्वत्रिक झाला. पुनर्वसित गावांत दगडाला जागा राहिली नाही, आणि ज्या घराच्या दगडांनी माणसे मारली ते दगड पुन्हा हाताळायलाही अनेकांचे मन घेईना. या भीतीपुढे कोणीही युक्तिवाद करू नये. तरीही हा निवाडा चुकीचा होता हे नोंदवले पाहिजे, कारण त्याच गावांत भिंती चारी बाजूंनी ढासळूनही लाकडी खांबांवरचे माळवद जागच्या जागी उभे राहिल्याची दृश्ये दिसली होती, आणि हिमाचलातील काठकुणी बांधणीत दगडाच्या थरांमध्ये लाकडाच्या जोड-ओंडक्यांची चौकट घालून उभारलेल्या जुन्या इमारती भूकंपाच्या प्रदेशातच टिकून आहेत. दैवी कोपाची कल्पना टाकून देणाऱ्यांनीही तिचा साचा जपून ठेवला होता; फक्त पापी बदलला.

मग कर्ता कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. या मांडणीचे वैशिष्ट्य असे की दैव तीत नाकारलेले नाही, पण त्याला पाचव्या जागी बसवले आहे, म्हणजे आधीच्या चारांचा हिशेब झाल्याखेरीज त्याचे नाव घेता येत नाही. किल्लारीच्या भिंतीला ही कसोटी लावली तर हिशेब बराच लांबतो. भूकंपात टिकतील अशा साध्या घरांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, जिच्यात रुडकीच्या आनंद आर्य यांचा मोठा वाटा होता, 1986 सालीच प्रसिद्ध झाली होती आणि आरपार दगडाचे महत्त्व तिच्यात सांगितलेले होते. हलक्या प्रतीच्या बांधकामासाठीचे भारतीय मानक 13828 हे तर 1993 सालचेच आहे; त्यानुसार दगडी भिंत 45 सेंटीमीटरपेक्षा जाड नसावी आणि आरपार दगड उंचीत दर 60 सेंटीमीटरला व आडव्या अंगाने जास्तीत जास्त 1.2 मीटरवर असावेत. ज्ञान होते, ते दिल्ली-रुडकीत होते आणि भिंत लातुरात होती. आदल्या वर्षी, 1992 मध्ये, किल्लारी परिसराला लहान धक्के बसत होते तेव्हाही हे अंतर तुटले नाही. अंतराला पाप म्हणता येत नाही, हे कबूल केले तरी ते निर्दोष ठरत नाही.

या हिशेबात गवंड्याकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अन्यायाचे आहे. शेतातून निघालेला गोल, अनघड दगड फुकट मिळतो. दोन फूट लांबीचा दगड खाणीतून काढावा लागतो, पाथरवटाकडून घडवावा लागतो, उचलायला दोन माणसे लागतात, आणि एवढे करून भिंतीच्या दर्शनी भागात त्याचे फक्त टोक दिसते. मजुरीचा दर भिंतीच्या लांबी-उंचीवर ठरत असेल तर आरपार दगड घालणारा गवंडी तोट्यात जातो. दारिद्र्यामुळे जी गोष्ट परवडली नाही तिला पूर्वकर्म म्हणायचे आणि मोकळे व्हायचे, हा कर्मसिद्धांताचा फार जुना गैरवापर आहे. सिद्धांत मुळात असा लेचापेचा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, यांना रथाच्या दोन चाकांसारखे परस्परावलंबी मानले आहे, आणि दैव म्हणजेही पूर्वी केलेला प्रयत्नच, असे तेथे स्पष्ट केलेले आहे. त्या अर्थाने भिंतीतली पोकळी हे खरोखरच पूर्वकर्म होते, फक्त ते एका माणसाचे नव्हते. बांधणारा, बांधवून घेणारा, वर्षाला माती चढवणारा, मानके लिहिणारा आणि नकाशा रंगवणारा अशा अनेकांचे मिळून ते साठलेले होते. असे सामायिक अदृष्ट प्रत्येकाच्या आत्म्याचा हिशेब वेगळा मांडणाऱ्या दर्शनांना अडचणीचे वाटेल, आणि या प्रश्नावर त्यांच्याकडून आणखी काही मिळण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

चाचणीने दैव संपते, असा दावा मात्र अभियंत्यांनीही करू नये. मंचावरचा धक्का माणसाने ठरवलेला असतो आणि खरा धक्का किती वेळ, कोणत्या दिशेने, कोणत्या लयीत येईल हे कोणालाच ठरवता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेतील भिंत नुकतीच बांधलेली असते, तिच्या पोटात पन्नास पावसाळ्यांचे पाणी मुरलेले नसते. लातूरचा प्रदेश पहिल्या विभागातून पुढे तिसऱ्या विभागात गेला, म्हणजे नकाशाच बदलला, यावरून पाचव्या कारणाची जागा किती मोठी आहे ते कळते. परीक्षा एवढेच करते की आधीच्या चारांपैकी जे आपल्या हातात होते त्याला दैवाच्या आड लपता येत नाही, आणि एकदा हे कळले की न करणे हीदेखील एक कृती होऊन बसते.

जी भिंत उभी आहे तिला पाडल्याशिवाय आरपार दगड देण्याची रीत किल्लारीनंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात वापरली गेली. भिंतीवर साधारण मीटर-सव्वा मीटर अंतराने जागा निश्चित करायच्या, गिलावा असेल तर खरवडायचा, आणि सांध्यातील माती उकरून एक दगड मोकळा करायचा. हा दगड ठोकून काढायचा नसतो. ठोकले की शेजारचे दगड सुटतात. लहान पहारीने तो वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असा हळूहळू हलवत, दुखऱ्या दातासारखा सैल करीत बाहेर घ्यायचा, मग आतली भर हाताने काढायची, आणि पलीकडच्या पदरातील एक दगड तसाच सोडवून सुमारे तीन इंचांचे, दोन्ही तोंडांना किंचित रुंद असलेले आरपार छिद्र तयार करायचे. त्यात दोन्ही टोके वाकवलेली 8 मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट ठासायचे आणि निदान दहा दिवस त्यावर पाणी मारीत राहायचे. पाणी मारण्याचे हे काम घरच्यांकडे असते, आणि ते चुकले तर बाकीच्या कष्टांवर पाणी पडते. एका खोलीत अशी पुष्कळ छिद्रे होतात. काम चालू असेपर्यंत दोन पदरांमधला अंधार त्यांतून दिसतो आणि पलीकडच्या अंगणातला उजेडही दिसतो.

काँक्रीट सुकल्यावर भिंतीवर राखी रंगाची गोल टोके तेवढी उरतात, आणि त्यावर गिलावा चढला की तीही जातात. त्या भिंतीत किती जोड बसले, कोठे बसले, एखादे छिद्र आळसाने अर्धेच भरले गेले काय, हे घरातल्या पुढच्या पिढीला भिंतीकडे पाहून सांगता येणार नाही; ते कळायला पुन्हा कोणाला तरी हातोडी घेऊन भिंतीला कान लावावा लागेल.